मोहरीच्या बरणीतली व्रोनी

आमच्या लोबाख गावात गेल्या एप्रिलमध्ये अशी बातमी उठली की ग्राबमायरांच्या त्सेन्त्सीनं अणुभट्टीतून युरेनियम चोरलं आणि घरामागच्या मुळ्याच्या वाफ्यात पुरलं. सकाळी सातला बेकरीत बातमी एवढीच होती. साडेसातला तिच्यात पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. आठ वाजेपर्यंत त्सेन्त्सीचं मांजर अंधारात हिरवं चमकायला लागलं होतं.

आता खरं सांगायचं तर त्सेन्त्सीकडे मांजर नाही. ते मी घातलं. मी क्विरिन, तिचा शेजारी. गावातले नळ आणि हीटर माझ्याच हातचे. आमचं कुंपण एकच आहे आणि शेजाऱ्याच्या बातमीत थोडी भर घालणं हे मी कर्तव्य समजतो. तेव्हा दुरुस्तीही मीच करायला हवी. युरेनियम नव्हतं. पोलीस आले नाहीत, पण येता येता राहिले. ते पुढं सांगतो. वाफ्यात मुळेच होते, आणि तेही दरवर्षीसारखे किडके. चोरी मात्र झाली होती. जिनं सहासष्ट वर्षांत कधी बसमध्ये बिनतिकिटाचं पाऊल ठेवलं नाही, त्या त्सेन्त्सीनं भरदिवसा प्रयोगशाळेतून एक स्फटिक पळवला होता. अंगठ्याच्या पेराएवढा, हिरवट निळा. सॉसेजबरोबर खायच्या गोड मोहरीच्या चटणीच्या रिकाम्या बरणीत घालून. त्या स्फटिकाचं नाव व्रोनी.

नावाला हसू नका. मी हसलो होतो, तर त्या उन्हाळ्यात तिच्या झाडाचा एक प्लम माझ्या तोंडी लागला नाही.

त्सेन्त्सी मूळची इकडची नव्हे. ती डोंगराकडच्या मिठाच्या गावची. बाप खारं पाणी उकळून मीठ काढायच्या कारखान्यात. घरी खिडकीच्या फळीवर याच्या-त्याच्या बरण्यांत दोरे लोंबत असायचे आणि दोऱ्यांना खडे धरत असायचे. बाप म्हणायचा, "मिठाला घाई केलीस तर भुगा मिळेल. वाट बघितलीस तर खडा." पोरीनं हे वाक्य एवढं मनावर घेतलं की चोवीस वर्षांची होऊन १९८३ साली ती आमच्याकडे आली ती स्फटिक वाढवण्याच्या नोकरीवरच. तेव्हा लोबाख म्हणजे दलदल, कोबी आणि माळापलीकडची ती प्रयोगशाळा. गावातले म्हणायचे, तिथं शहाणी माणसं वेडी कामं करतात. त्सेन्त्सीनं आमच्या गल्लीतल्या अलोइस सुताराशी लग्न केलं आणि मग म्हणायला लागले, एक वेडी आता आपल्यातच आली.

तिची खोली एका जुन्या बराकीच्या तळघरात होती. खिडकी नाही. मधोमध पाण्याचं टाकं, त्यात काचेची भांडी, भांड्यांत तांब्याच्या क्षाराचं पाणी, आणि टाक्याची ऊब दिवसाला अंशाच्या दहाव्या भागानं उतरवत न्यायची. पाणी थंड होत गेलं की त्यातला क्षार कुठंतरी बसायला जागा शोधतो. त्सेन्त्सी त्याला जागा द्यायची: मोहरीएवढा एक चांगला कण, आणि तो बांधायला स्वतःच्या डोक्याचा एक केस. दोरा नको, दोऱ्याला कुसं असतात. केस गुळगुळीत. एक मोठा स्फटिक व्हायला सहा महिने, नऊ महिने. त्या नऊ महिन्यांत ती सुट्टीवर जायची नाही, शिंकायची ती बाहेर जाऊन.

मोठ्या स्फटिकांना ती डोंगरातल्या गाईंची नावं ठेवायची, अक्षरांच्या क्रमानं. पहिली अल्मा, मग बर्टा. प्रत्येकीचं वहीत पान: जन्म कधी, कुठल्या पाण्यात, वजन किती, खोड्या काय. आणि पानाच्या कोपऱ्यात ज्याच्यावर ती वाढली तो केस चिकटवलेला.

मला त्या खोलीचं पहिलं दर्शन झालं ते टाक्याचा हीटर बिघडला तेव्हा. हत्यारांची पेटी घेऊन मी दार ढकललं, तर आतून कुजबुज आली, "बूट काढ. दार आपटू नकोस. हिल्डा शेवटच्या महिन्यात आहे."

मी घाबरलो. म्हटलं, "मग इथं तळघरात कशाला ठेवलीय? दवाखान्यात न्या ना!"

ती नुसती टाक्याकडं बोट दाखवून हसत राहिली. मी दोन तास मोज्यांवर काम केलं. आयुष्यात तेवढं हळू काम मी लग्नाच्या वेळी बायकोच्या आईसमोरसुद्धा केलं नव्हतं.

गुरुवारी दहा वाजता बराकीच्या बोळात सगळे जमायचे. काच फुंकून नळ्या घडवणारा, अणुभट्टीचा पहारेकरी, विद्यार्थी, क्वचित प्रोफेसर. उकडलेले पांढरे सॉसेज, गोड मोहरी, मीठ लावलेला पाव. बाराच्या आत ताटं रिकामी, कारण पांढऱ्या सॉसेजनं दुपारची घंटा ऐकायची नाही हा आमचा नियम. काम नसलं तरी मी गुरुवारी एखादा नळ बघायला जायचो. नळ उत्तम असायचे. आता ती बराक नाही. काच फुंकणारा वारला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. तिथं मोठी काचेची इमारत आहे, दारं कार्डानं उघडतात, आणि बोळात कुणी जेवलं तर भिंतीवरचं यंत्र बोंबलतं. तळघरातलं टाकं मीच उचकटलं. ते काम दुसऱ्याला द्या म्हणालो होतो. त्सेन्त्सी म्हणाली, "नको, तूच कर. तू दार आपटत नाहीस."

ती निवृत्त झाली. पण गुरुवार सुटला नाही. पाहुण्यांच्या वहीत सही करून ती आत जायची, कपाटातल्या आपल्या स्फटिकांच्या बाटल्या पुसायची, लेबलं सरळ करायची आणि परत यायची. अलोइस गेल्यावर तर हा गुरुवार म्हणजेच तिचा आठवडा होता.

इथं मला एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर चोरी कळायची नाही.

एक मेला आमच्याकडे प्रत्येक गावात मेचा खांब उभा राहतो. तीसेक मीटरचं सरळ झाड, सोलून, निळं-पांढरं रंगवून. तो उभा राहण्याआधी शेजारच्या गावानं पळवायचा, हा रिवाज. पळवला की खंडणी: बिअर आणि जेवण. कायदाही आहे. चोरांनी वेस ओलांडायच्या आत गावातल्या कुणी खांबावर हात ठेवून "झाड इथंच राहील" म्हटलं, की चोरांनी मुकाट्यानं परत न्यायचं. वेस ओलांडली की मालकांनी मुकाट्यानं खंडणी द्यायची. आणि यात पोलिसांना बोलावणारं गाव पुढं शंभर वर्षं तोंड दाखवू शकत नाही.

१९८७ साली आमच्या शेजारच्या वाल्डहाउझनच्या चाळीस जणांनी आमचा खांब उचलला. आमचे सगळे बाप्ये राखण करता करता बिअर पिऊन आडवे झालेले. आणि त्सेन्त्सी सायकलवरून येत होती, टाक्याची ऊब बघून. वेशीच्या पाटीपासून वीस पावलांवर तिनं सायकल आडवी टाकली, खांबावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "झाड इथंच राहील." चाळीस दांडगे आणि एक बाई. त्यांनी शिव्या घातल्या, आणि खांब परत आणून ठेवला. त्या दिवसापासून कुणी तिला परगावची म्हटलं नाही.

आता व्रोनी.

मी एकदा विचारलं होतं, या दगडांत असं आहे तरी काय? त्सेन्त्सी शेंगा निवडत होती. तिनं सुरीनं आमची गल्ली दाखवली.

"ही दोन्ही बाजूंची घरं बघ. प्रत्येक घरात एक तांब्याचा अणू, म्हणजे समज एक लहानशी चुंबकाची सुई. तिचा स्वभाव असा, की शेजारच्या सुईनं वर तोंड केलं की हिनं खाली करायचं."

"म्हणजे मी आणि तू."

"म्हणजे तू आणि अख्खं गाव. ऐक. शेजारच्या घराशी वाकडं किती, आणि समोरच्या घराशी वाकडं किती, या दोन आकड्यांवर सगळा कारभार. एका घरात कुणी तोंड फिरवलं की ती खबर गल्लीतून कशी धावते, किती जोरात धावते, ते बघायचं असतं. भट्टीतले न्यूट्रॉन आत शिरतात आणि खबर काढून बाहेर येतात."

"मग माझी काय गरज नाही तिथं."

"नाही. न्यूट्रॉन भर घालत नाहीत."

पुढचं तिनं असं सांगितलं. वीस घरांची गल्ली असली तर संगणक खबरीचा हिशेब काढतो. पन्नास-साठ घरांपुढं जगातला मोठ्यातला मोठा संगणक हात टेकतो, कारण त्या सुया एकाच वेळी वरही असतात आणि खालीही, आणि सगळ्यांचं एकमेकांत गुंतलेलं. म्हणून काचेच्या इमारतीतल्या मंडळींनी वेगळी युक्ती काढली. हिशेब करायचाच नाही, खोटी गल्ली वसवायची. हवा काढून टाकलेल्या डब्यात लेझरच्या उजेडाच्या चिमट्यांनी एकेक अणू धरून समोरासमोर मांडायचे. जवळ आणले की वाकडं जास्त, लांब नेले की कमी. मग एकाला टिचकी मारायची आणि खबर कशी जाते ते सरळ बघायचं. याला ते सिम्युलेटर म्हणतात, आणि धावणाऱ्या खबरीला लाट.

"म्हणजे कठपुतळ्यांचा खेळ," मी म्हणालो.

"कठपुतळ्यांना दोरी असते. हे अणू आपल्या मनानं वागतात. घरं कुठं बांधायची तेवढंच माणूस सांगतो."

तर ही खोटी गल्ली खऱ्या दगडाशी जुळते का, हे बघायला त्यांनी खरा दगड निवडला तो व्रोनी. आठ वर्षांपूर्वी न्यूट्रॉननी तिची खबर काढलेली होती, स्वच्छ, नावाजलेली. एप्रिलच्या मध्यावर सिम्युलेटरचे डॉक्टर हार्म्स त्सेन्त्सीच्या बागेत आले. हार्म्स म्हणजे उत्तरेकडचा, समुद्राकाठचा पोरगेला माणूस. उंच, सभ्य, बिअरऐवजी चहा पिणारा. आमच्या बाजूला हा तिसरा दोष मोठा समजतात. येताना त्यानं चहाचा डबा आणला होता. मी कुंपणापाशी हीटरचा एक जुना पाइप घासत होतो. तो पाइप मी अशा प्रसंगांसाठीच ठेवलाय.

"ग्राबमायरबाई," तो म्हणाला, "सांगायला वाईट वाटतं. आमची लाट आणि व्रोनीची लाट जुळत नाहीत. शंभरात चाराचा फरक पडतो. आम्ही यंत्र तीनदा तपासलं."

"मग?"

"मग नमुन्यातच खोट असणार. बाहेरचं काहीतरी मिसळलेलं. पुढच्या सोमवारी नमुना कुटून, विरघळवून तपासू. निबंधात तशी ओळ टाकावी लागेल. नमुन्याच्या अशुद्धतेमुळे, वगैरे. तुमचं नाव येणार नाही, काळजी नको."

मी पाइप घासायचा थांबलो. चाळीस वर्षं त्या बाईनं बाटल्यांवर जी लेबलं लावली ती जगानं डोळे मिटून मानली. "त्सेन्त्सीचा स्फटिक" म्हटलं की पुढं कुणी विचारायचं नाही. ती ओळ छापली की व्रोनीवर झालेलं आठ वर्षांचं काम संशयात, आणि मागच्या सगळ्या गाईंच्या शेपटाला तोच डाग. आणि व्रोनीचा भुगा. दुसरी वाढवायची तर टाकं माझ्या गोदामात गंजत पडलेलं.

त्सेन्त्सीनं शांतपणे विचारलं, "तुमच्या यंत्रात ते दोन आकडे कुठले घातलेत? शेजारचं वाकडं आणि समोरचं वाकडं?"

"एक्याण्णवच्या प्रसिद्ध निबंधातले. सगळं जग तेच वापरतं."

"ते बर्टाचे आकडे आहेत."

"कोण बर्टा?"

"माझी दुसरी. डॉक्टर, बर्टा साध्या पाण्यातली होती. व्रोनी जड पाण्यातली आहे. तिच्यातला सगळा हायड्रोजन जड आहे. साध्या हायड्रोजनवर न्यूट्रॉन सैरावैरा उडतात आणि चित्रात धुकं येतं, म्हणून भट्टीवाल्यांनीच जड मागितला होता. लेबलावर लिहिलंय."

"ते ठाऊक आहे. पण हायड्रोजन चुंबकात भाग घेत नाही. चुंबक तांबं आहे."

"भाग घेत नाही, पण दोन तांब्यांच्या मधे उभा तोच असतो. बाकावर मधे जड माणूस बसला तर कडेच्या दोघांतलं अंतर थोडं तरी बदलतंच की."

हार्म्स हसला. वाईट नव्हे, सभ्य हसू. त्याचाच जास्त राग येतो. "याबद्दल कुठं काही छापलेलं आहे का?"

"माझ्या वहीत आहे. पान दोनशे बारा. एका विद्यार्थ्यानं व्रोनीचा तुकडा चुंबकयंत्रात मोजला होता. आकडे बर्टापेक्षा जरासे वेगळे आले. तो नोकरी लागून निघून गेला, छापायचं राहिलं."

"वहीतलं," हार्म्स म्हणाला, "म्हणजे छापलेलं नव्हे, ग्राबमायरबाई."

तो गेल्यावर तिनं वाफा खणायला घेतला. सबंध संध्याकाळ खणला. त्यात काही पेरायचं नव्हतं. मी चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. माझी बायको बुर्गी म्हणते, लग्नानंतर तिनं हे पहिल्यांदा पाहिलं.

आला गुरुवार. त्सेन्त्सीनं नेहमीसारखी पाहुण्यांच्या वहीत सही केली, कपाटाकडे गेली, बाटल्या पुसल्या, हवा लागू नये म्हणून व्रोनीला तेलात बुडवून मोहरीच्या बरणीत घातलं, बरणी टोपलीत, वर विणकाम. कपाटात व्रोनीच्या जागी निळ्या-पांढऱ्या कागदाची चिठ्ठी ठेवली. आणि दारापाशी आली. निवृत्त माणसाचं कार्ड चालत नाही, म्हणून दार उघडेना. मागून डॉक्टर हार्म्स आले.

"थांबा, मी उघडतो," म्हणाले, आपलं कार्ड लावलं, दार धरून उभे राहिले. वर विचारलं, "टोपली जड आहे का? फाटकापर्यंत आणू?"

"आणा," त्सेन्त्सी म्हणाली.

आणली. वेशीपार त्यानंच आणली हो! त्सेन्त्सीनं मला हे सांगितलं तेव्हा मी कुंपणाला धरून खाली बसलो.

चिठ्ठीत होतं: "व्रोनी आमच्याकडे आहे. खुशाल आहे. खंडणी रिवाजाप्रमाणे. बोलणी शनिवारी बारा वाजता, हिरशन खानावळीत."

हार्म्सनं ती वाचली आणि फोनकडे हात नेला, पोलिसांना कळवायला. त्याच्या बाजूला विभागाच्या प्रमुख प्रोफेसर आफ्रा बसल्या होत्या. आफ्रा शिक्षणानं जगभर फिरलेली, पण जन्मानं वाल्डहाउझनची, आणि त्या चाळीस दांडग्यांत तिचा सख्खा चुलता होता. तिनं फोनवर तळहात ठेवला.

"डॉक्टर, असं काही केलंत तर मला गाव सोडावं लागेल. गप शनिवारी चला."

आता मेच्या खांबाचा गावचा अध्यक्ष म्हणून बोलण्यांचं यजमानपद माझ्याकडं आलं. अध्यक्षपद मला कसं मिळालं ते विचारू नका. निवडणुकीत दुसरा कुणी शुद्धीत नव्हता. मी टेबलाच्या टोकाला. एका बाजूला त्सेन्त्सी, काळी वही मांडीवर. दुसऱ्या बाजूला आफ्रा आणि हार्म्स. हार्म्सपुढे चहा. खानावळवालीनं तो असा आणून ठेवला की जणू औषध.

मी खंडणी वाचली. बिअरची दोन पिंपं आणि वीस माणसांपुरता गरम लेबरकेझ, म्हणजे भाजलेल्या मांसाची वडी, पावासकट. आफ्रा म्हणाली, कबूल. दुसरं, यंत्रात वहीच्या पान दोनशे बारावरचे आकडे घालून लाट पुन्हा काढायची. तिसरं, तोवर व्रोनीजवळ कुणी हातोडी आणायची नाही.

हार्म्सचे कान लाल झाले. "हे शास्त्र आहे! शास्त्रात सौदा होत नाही."

"सौदा नाही, कायदा आहे," मी म्हणालो. "वेस ओलांडायच्या आत हात ठेवला असतात तर माल तुमचा होता."

"हात ठेवला होता की त्यांनी," त्सेन्त्सी म्हणाली. "टोपलीवर. फक्त 'इथंच राहील' म्हणाले नाहीत."

आफ्रानं बिअरच्या पेल्यात तोंड खुपसलं. खांदे हलत होते. मग हार्म्सनं विचारलं, आणि हे मात्र त्यानं बरं विचारलं, "आणि त्या आकड्यांनीही नाही जुळलं तर?"

त्सेन्त्सीनं वही उघडून दोनशे बारावं पान त्याच्यापुढं सरकवलं. बारीक अक्षर, चिकटवलेला आलेख, कोपऱ्यात एक केस.

"नाही जुळलं तर हातोडी मी धरीन," ती म्हणाली. "ती ओळ छापा, आणि तिच्याखाली माझं नाव घाला. ठळक."

हार्म्सनं पान बघितलं. बोट त्या केसापाशी थांबलं. "हा काय आहे?"

"व्रोनी याच्यावर वाढली."

तो केस पांढरा होता. हार्म्स मागं पानं उलटत गेला. करडा, करडा, मग तपकिरी आणि करडा मिसळलेला, आणि अगदी सुरुवातीला, अल्माच्या पानावर, चेस्टनटच्या सालीसारखा तांबूस तपकिरी. मी त्सेन्त्सीकडे पाहिलं. मला तिचे ते तांबूस केस आठवत होते. वेशीवर सायकल टाकून खांबावर हात ठेवला तेव्हाचे, वाऱ्यानं तोंडावर आलेले. हार्म्सनं वही दोन्ही हातांनी मिटली आणि म्हणाला, "दोन आठवडे द्या."

ते दोन आठवडे बरणी तिच्या फडताळात होती, लोणच्याच्या काकड्यांच्या मधे. दुपारी ती बरणी काढून बाकावर घेऊन बसायची, उन्हात नाही, सावलीत. मी पाइप न घेताच कुंपणाशी जायचो.

"भीती वाटते का गं?" मी एकदा विचारलं.

"आकड्यांची नाही वाटत. त्या पोरानं मोजलेलं मी शेजारी उभी राहून पाहिलंय." मग म्हणाली, "अल्मा बाहेरच्या काचेच्या कपाटात आहे, शाळेतली पोरं बघतात. बर्टाचे तुकडे जगभर गेले. हिल्डा आगगाडीत फुटली. बाकीच्या कुणी कुणी नेल्या, परत दिल्या नाहीत. मोठ्यांतली ही एवढी उरली, क्विरिन. आता ते स्फटिक पेटीतून मागवतात. चांगले असतात म्हणे. पण पेटीवर नाव नसतं, आकडा असतो."

"टाकं माझ्याकडं आहे अजून," मी म्हणालो. "गंज काढता येईल."

"केस कुठून आणायचे?" ती म्हणाली. "हे आता फार तुटतात."

मी माझ्या टकलावरून हात फिरवला. ती हसली, तेवढंच.

एक मेला सकाळपासून चौकात बाक मांडले होते. बँड वाजत होता, बाप्ये लांब कात्र्यांसारख्या काठ्या लावून खांब इंचाइंचानं उभा करत होते आणि मी अध्यक्ष म्हणून चुकीच्या वेळी ओरडत होतो. त्सेन्त्सी पहिल्या बाकावर, सणाचा पोशाख, पुढ्यात बिअरचा पेला आणि चिरलेला मुळा. शेजारी टोपली.

चौकाच्या टोकाला आफ्राची गाडी थांबली. मागच्या बाजूनं हार्म्स दोन पिंपांसह उतरला. पिंप ढकलत तो चौक ओलांडून आला. घामानं निथळलेला, आणि चेहरा असा, की मी खांबाकडं बघायचंच विसरलो. खांब तिरका झाला; त्याबद्दल गाव मला अजून बोलतं.

त्यानं कागद काढला. दोन वाकड्या रेषा, एक निळी, व्रोनीची, आणि एक लाल, यंत्राची. त्सेन्त्सीपुढं मुळ्याच्या बशीशेजारी ठेवला. दोन रेषा कुठं वेगळ्या आहेत ते शोधायला मी चष्मा लावला, तरी सापडेना. लाल बहुतेक निळीच्या खालीच लपलेली.

बँड थांबला होता. हार्म्सनं कुणाचा तरी पेला उचलला, बिअरचा, आणि एक घोट घेतला. चौकात "ओहो!" झालं. तो बाकावर चढला आणि मोठ्यानं म्हणाला, "मित्रहो, मी चुकलो होतो. हायड्रोजन चुंबकात भाग घेत नसेल, पण तिथं बसलेला असतो. ग्राबमायरबाई, अभिनंदन! व्रोनी आमच्या यंत्राशी जुळली!"

टाळ्या झाल्या. त्सेन्त्सीनं टोपलीतून बरणी काढली, टेबलावर ठेवली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं. तिचे डोळे भरले होते; हे मी भर घालून सांगत नाही. मग तिनं हार्म्सकडं वर पाहिलं आणि म्हणाली:

"डॉक्टर, व्रोनी होती तिथंच आहे. जुळलं ते तुमचं यंत्र."